मुकुट मान टाकतो तेव्हा

गेल्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, माझा पुतण्या कृष्ण झाला होता. लाकडी नंदी घेऊन नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत बोजारा (घरोघरी मिळणारा खाऊ-पैसे) मागायला निघाला आणि चौथ्या घराशी त्याच्या मुकुटाने मान टाकली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "नजर लागली पोराले." मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. संध्याकाळी मी मुकुट उसवला.

आत बकरमचे, म्हणजे ताठ अस्तराच्या कापडाचे, दोन थर होते, खळीने चिकटवलेले. बोटाने दाबलं तर एक थर दुसऱ्यावरून सरकला. सगळी गोम त्या सरकण्यात आहे.

दोनशे पानी वही वाकवून बघा. सहज वाकते आणि कडेला पानांच्या पायऱ्या दिसतात, कारण प्रत्येक पान शेजारच्यावरून घसरतं. तीच पानं डिंकाने एकमेकांना चिकटवली की फळी होते. आता वाकायचं तर बाहेरच्या पानाला ताणावं लागतं, आतल्याला आखडावं लागतं. घसरायची सोय उरत नाही. म्हणून ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. बकरमचे दोन थर नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट. पक्के चिकटवले तर 2×2×2, म्हणजे 8 पट. तीन थरांना 3 पट आणि 27 पट! मुकुटाच्या काठाला घालतात ती गोल तार तर जाडीबरोबर रुंदीनेही वाढते, म्हणून तिथे व्यासाचा चौथा घात: 1 मिलिमीटरऐवजी 2 मिलिमीटरची तार घेतली की 16 पट ताठ.

खळीतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. कापसातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच. दोन्हींवरच्या हायड्रॉक्सिल गटांमध्ये (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांमध्ये) हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंमधली हलकी ओढ, जुळतात, म्हणून वाळलेली खळ कापडाला घट्ट धरते. पण असे बंध पाण्याचा रेणूही जुळवतो. श्रावण अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरची हवा तेव्हा दमट, त्यात कपाळाचा घाम. पाणी साखळ्यांमध्ये शिरतं, खळ मऊ पडते, थर सुटतात आणि 8 पटीचे पुन्हा 2 पट होतात. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात हाच मुकुट ताठ राहिला असता. पोराच्या मनात नजरेची भीती घालण्यापेक्षा त्याला मुकुट उसवून दाखवावा. माझा पुतण्या तासभर ते थर सरकवत बसला होता.

यंदा फ्युजिंगचं बकरम आणलं. त्याच्यावरचे चिकट ठिपके गरम इस्त्रीखाली वितळतात आणि थंड झाल्यावर दमट हवेला दाद देत नाहीत. काठाला तार झिगझॅग शिलाईने बसवली. तार मात्र एकदाच वाकवावी. त्याच जागी मागेपुढे केली की धातूच्या स्फटिकांमधले दोष एकमेकांत अडकत जातात. तार आधी कडक होते, मग तुटते. माझ्या दोन तारा मोरपिसाच्या वळणावरच तुटल्या.