मुंबई विमानतळ ते कोल्हापूर, रात्रीचा प्रवास : परदेशातून कायमचं घरी परतणाऱ्या कुटुंबांसाठी

नमस्कार,

परदेशातला संसार आवरून कायमचं कोल्हापूरला यायचं ठरलं की मुलांची शाळा, जहाजाने पाठवायचं सामान, विमानाची तिकिटं यांचा विचार महिनोन्‌महिने चालतो. मुंबईत उतरल्यानंतरच्या सुमारे 380 किलोमीटरचा विचार मात्र शेवटच्या आठवड्यात एका फोनवर उरकतो : ‘रात्री एकला विमान उतरतंय, इनोव्हा पाठवा.’ या मार्गावर भाड्याच्या गाड्या पाठवणाऱ्या आमच्या अनुभवात या प्रवासात घोळ होतो तो दोनच गोष्टींमुळे, सामान आणि झोप. दोन्ही आधी नीट बोलून घेतलं तर प्रवास सुखाचा होतो. म्हणून गाडी ठरवण्याआधी हे एकदा वाचा.

सामानाचा खरा आकडा सांगा

अमेरिकेहून येताना बऱ्याचदा माणशी 23 किलोच्या दोन बॅगा मिळतात. चौघांच्या आठ, म्हणजे 184 किलो. शिवाय हातातल्या चार, पाठीवरच्या सॅक आणि बाळाची ढकलगाडी. आखातातून येणारी मंडळी दोरीने बांधलेले खोके आणतात. खोका बॅगेसारखा दबत नाही, सरकवून बसवता येत नाही, त्यामुळे तो जागा जास्त खातो.

इनोव्हाची शेवटची सीट दुमडली की मागे पाच मोठ्या बॅगा बसतात. मागची काच झाकली जाईल इतकं भरायला आम्ही ड्रायव्हरला मनाई केली आहे. रात्री पाठीमागून येणारा ट्रक त्याला आरशात दिसलाच पाहिजे. वर कॅरिअरवर तीन बॅगा, त्याही हलक्यातल्या. टपावर वजन चढलं की घाटाच्या वळणावर गाडी झुलते आणि पोटात ढवळायला लागतं. म्हणजे आठ बॅगा कशाबशा झाल्या. नववी असेल तर आधीच सांगा, आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर पाठवू. रात्री अडीच वाजता पार्किंगमध्ये उभं राहून ‘बॅग मांडीवर घेतो, चालेल’ असं म्हणायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

पासपोर्ट, मुलांचे शाळेचे दाखले, मूळ प्रमाणपत्रं, रोजची औषधं आणि दागिने कॅरिअरवर जाणार नाहीत. ही एक पिशवी वेगळी काढा आणि ती कुणाच्या तरी पायाशीच राहू द्या. पावसाळ्यात आम्ही दुहेरी ताडपत्री घालतो, तरी खोक्यांना आतून प्लास्टिक लावलेलं बरं.

एकटा माणूस आणि दोन बॅगा असा हिशोब असेल तर आमची गाडी करूच नका. दिवसभर मुंबईत कुणाकडे टेकता येत असेल तर रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडा, पैसे वाचतील.

कितीला निघायचं

विमान एकला उतरलं तरी पासपोर्टची रांग, बॅगांचा पट्टा आणि कस्टम्स यातून बाहेर पडेपर्यंत अडीच होतात. तिथून लगेच निघालं की खंडाळ्याचा घाट आणि पुण्याचा बाह्यवळण रस्ता बरोबर पहाटेच्या तीन ते पाचमध्ये येतो. माणसाच्या डोळ्यांवर सगळ्यात जड झोप येते ती याच वेळी, आणि घाटात चढणीला रांगेने रखडणारे अवजड ट्रकही असतात.

काही वर्षांपूर्वी शिरवळच्या पुढे आमचीच एक गाडी पहाटे पावणेपाचला दुभाजकाला घासत गेली. ड्रायव्हर त्याच दिवशी सकाळी कोल्हापूरहून निघाला होता, विमानाला चार तास उशीर झाला आणि तो सगळा वेळ पार्किंगमध्ये सीटवर बसून होता. उजवीकडचे दोन्ही दरवाजे चेपले. कुणाला इजा झाली नाही. मधल्या सीटवर झोपलेली सहा वर्षांची मुलगी तेवढी दचकून उठली आणि विचारायला लागली, ‘आलं का घर?’ चूक ड्रायव्हरची नव्हती, त्याला तसं पाठवणाऱ्या आमची होती.

तेव्हापासून मुंबईच्या रात्रीच्या फेरीचा ड्रायव्हर दुपारपर्यंत कामोठ्याच्या आमच्या खोलीवर पोचतो, जेवतो आणि झोपतो. विमान सुटलं का, किती उशीर आहे, हे आम्ही इथून बघतो आणि त्याला त्या हिशोबाने उठवतो. विमान रात्री बारा ते तीनच्या दरम्यान उतरणार असेल तर दोन मार्ग आहेत. एक, दुसरा ड्रायव्हर खेड शिवापूरला गाडी ताब्यात घेतो. त्याचा भत्ता भाड्यात वाढतो. दुसरा, पनवेलला खोली घेऊन अंग टेकायचं आणि सकाळी सहाला निघायचं. घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा सत्तरीपुढचं माणूस असेल तर आम्ही दुसरंच सुचवू. घर चार तास उशिरा आलं तर काही बिघडत नाही.

मुलांच्या झोपेचा हिशोब कुठून येताय त्यावर आहे. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तासच मागे, ती मुलं गाडीत बसताच झोपतात. कॅलिफोर्नियातून उन्हाळ्यात आलात तर इथे रात्रीचे अडीच म्हणजे तिकडे दुपारचे दोन! ती मुलं टक्क जागी असतात, त्यांना भूक लागते आणि त्यांचे प्रश्न संपत नाहीत. त्यांच्यासाठी कोरडा खाऊ हाताशी ठेवा. घाट संपेपर्यंत दूध देऊ नका.

रस्त्याविषयी

आमच्या सगळ्या गाड्या पिवळ्या नंबरप्लेटच्या, म्हणजे भाड्याने चालवायचा परवाना असलेल्या आहेत. ओळखीतून स्वस्तात मिळणारी पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने चालली आणि वाटेत काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. एवढा एक मुद्दा लक्षात असू द्या, मग गाडी कुणाचीही ठरवा.

शीव-पनवेल महामार्गाने द्रुतगती मार्गाला लागतो. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या वेशीवर कारला टोल नाही, पुढचे नाके आहेतच. बरीच वर्षं बाहेर असलेली मंडळी खंडाळ्याच्या घाटात काचेला नाक लावून अमृतांजन पूल शोधतात. ब्रिटिशांच्या काळातला तो पूल एप्रिल 2020 मध्ये पाडला. आपल्या लहानपणी तो दिसला की मुंबई जवळ आली असं वाटायचं, त्यामुळे ही बातमी सांगताना ड्रायव्हरलाही जरा जड जातं.

खंबाटकी ओलांडली की सातारा, मग कराड. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाचं काम चालू आहे तोवर ठिकठिकाणी वळणरस्ते आहेत. तिथे आम्ही मुद्दाम हळू जातो, घाई करायला सांगू नका. आमची खरी काळजी मात्र उसाच्या हंगामातली. कारखाने सुरू झाले की रात्रभर ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत महामार्गावर असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. समोर काळोखच दिसतो आणि एकदम पानं अंगावर येतात. म्हणून नोव्हेंबर ते मार्च आमची गाडी कराडच्या पुढे उजाडल्याशिवाय वेग धरत नाही.

पावसाळ्यात वेगळी गोष्ट. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. जुलै-ऑगस्टमध्ये येत असाल तर नदीची पातळी बघूनच मुंबईहून निघू. रस्ता बंद असेल तर कराडला थांबू आणि त्या मुक्कामाचे वेगळे पैसे घेणार नाही.

डाव्या दाराने उतरा

ही गोष्ट आम्ही प्रत्येक कुटुंबाला बसण्याआधी सांगतो. अमेरिकेत किंवा आखातात वाढलेल्या मुलांना उजव्या दाराने उतरायची सवय असते, कारण तिकडे रस्त्याच्या कडेची बाजू ती. आपल्याकडे उजवं दार रहदारीत उघडतं. चहाला थांबल्यावर झोपेतलं मूल हमखास तेच दार उघडायला जातं. आम्ही उजवीकडचं मागचं दार चाइल्ड लॉक लावून ठेवतो, मोठ्यांनीही तिकडून उतरू नये.

पट्टा मागच्या सीटवरही लावायचा, तो कायदाच आहे. मुलाची कार सीट तिकडून घेऊन या. बऱ्याच विमान कंपन्या ती बॅगांमध्ये मोजत नाहीत. शक्यतो पहिला आठवडा तुम्ही स्वतः स्टिअरिंग हातात घेऊ नका. इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर चालू होईल, चौकात मान उलट्या बाजूला वळेल.

घरच्या मंडळींनी विमानतळावर यायचं का?

आईचा जीव राहत नाही, आम्हाला कळतं. पण प्रत्येक माणसामागे गाडीतली एक जागा आणि दोन बॅगांची सोय जाते, आणि म्हातारी माणसं जाऊन-येऊन सोळा तास गाडीत अवघडून बसतात. त्यापेक्षा त्यांना घरीच थांबू द्या. तुमचं इथलं सिम सुरू झालेलं नसतं, म्हणून निघताना, साताऱ्याला आणि किणी टोलनाक्यावर ड्रायव्हर स्वतःच्या फोनवरून घरी बोलणं करून देतो. किणीहून फोन गेला की चुलीवर, म्हणजे आता गॅसवर, पाणी ठेवायला हरकत नाही.

पैसे घरी पोचल्यावर द्या. विमानतळावर डॉलर किंवा दिरहम मोडायच्या घाईत पडू नका.

दारात गाडी उभी राहिली की बॅगा उतरवायची गडबड करू नका. भाकरतुकडा ओवाळून टाकून होऊ दे, मुलांना आजी-आजोबांच्या पाया पडू दे, ड्रायव्हर बाजूला थांबतो. मग तुमच्यासमोर एकेक नग मोजून ओसरीवर ठेवेल आणि यादीवर सही घेईल. ती यादी बुकिंगच्या वेळीच आमच्याकडे पाठवा : विमानाचा क्रमांक, माणसं किती, मुलांची वयं, मोठ्या बॅगा किती, खोके किती.