वॉलमार्टचा नफा पावणेचारपट झाला, शेअर मात्र होता तिथेच

डिसेंबर १९९९ संपताना वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसाखळीचा शेअर साधारण ६९ डॉलरला होता. बारा वर्षांनी, २०११ संपताना, तोच शेअर ६० डॉलरच्या आसपास. आता कुणाला वाटेल कंपनी बुडत असणार, तर तसं काहीच नाही. या बारा वर्षांत शेअरमागचा नफा १.२० डॉलरवरून ४.५२ डॉलरवर गेला म्हणजे जवळपास पावणेचारपट, विक्री १६५ अब्ज डॉलरवरून ४४० अब्जांच्या वर गेली, नवीन दुकानं उघडतच होती. कंपनीने सगळं बरोबर केलं आणि ज्याने १९९९ मध्ये शेअर घेतला त्याला डिव्हिडंड (लाभांश) धरूनही जेमतेम मुद्दल परत मिळालं, वर त्याच काळात अमेरिकेत महागाई तिसऱ्या हिश्श्याने वाढलेली, म्हणजे खरं बघितलं तर तोटाच. (२०२४ मध्ये वॉलमार्टने एका शेअरचे तीन केले, त्यामुळे आजच्या चार्टवर हे भाव तीनने भागलेले दिसतील, घाबरू नका.)

हे आधी कळलं असतं का? तारीखवार नाही, पण भाव किती ताणलाय ते मात्र कळलं असतं, आणि त्यासाठी लागणारं गणित शाळेतलंच आहे.

शेअर स्वस्त की महाग हे बघायला आपण सगळेच पीई बघतो. भाव भागिले शेअरमागचा वर्षाचा नफा. ६९ भागिले १.२० म्हणजे ५७. म्हणजे एक डॉलर नफ्यासाठी लोक ५७ डॉलर मोजत होते. इथवर ठीक, पण या भागाकारात खाली जो नफा आहे तो एकाच वर्षाचा, आणि दुकानदारीच्या धंद्यात एका वर्षाचा नफा फार फसवा असतो. का ते बघू.

किराणा-कपडे-भांडी विकणाऱ्या कंपनीचं मार्जिन अगदी पातळ असतं. वॉलमार्टसारखी तगडी कंपनी, तिलाही त्या वर्षी शंभर डॉलरच्या विक्रीतून हातात सव्वातीन डॉलरच उरले. बाकी सगळं माल, पगार, भाडं, लाईट, ट्रक यात जातं. आणि यातला बराच खर्च विक्री कमी झाली म्हणून कमी होत नाही, गाळ्याचं भाडं गिऱ्हाईक आलं काय न आलं काय द्यावंच लागतं. मग मंदीत विक्री थोडीशी घसरली, दोनतीन टक्के, की नफा त्यामानाने कितीतरी जास्त घसरतो, आणि तेजीत उलट, विक्री थोडी वाढली की नफा उडी मारतो. त्यामुळे पीईचं असं होतं की धंद्याचं सर्वात चांगलं वर्ष असतं तेव्हा शेअर 'स्वस्त' दिसतो आणि सर्वात वाईट वर्षात 'महाग'. नेमकं उलटं! कोकणात कुणी हापूसची बाग विकत घेताना फक्त यंदाचा मोहोर बघून किंमत ठरवत नाही, कारण झाड एक वर्ष भरून येतं आणि पुढच्या वर्षी विश्रांती घेतं हे सगळ्यांना माहीत असतं, मागच्या आठदहा वर्षांचं उत्पन्न विचारतात. शेअरच्या बाबतीत मात्र लोक खुशाल मागच्या चार तिमाह्या बघून मोकळे होतात.

ही दहा वर्षांच्या सरासरीची कल्पना तशी जुनी आहे. १९२९ च्या पडझडीत होरपळलेल्या बेंजामिन ग्रॅहम या अमेरिकन गुंतवणूकदाराने डेव्हिड डॉडबरोबर १९३४ मध्ये लिहून ठेवलं की नफ्याची सरासरी किमान पाच, शक्यतो सात ते दहा वर्षांची घ्यावी. पण दहा वर्षांपूर्वीचा एक डॉलर आणि आजचा एक डॉलर यांची सरळ बेरीज करणं चूक आहे, मधे महागाई झालेली असते. १९८८ मध्ये जॉन कॅम्बेल आणि रॉबर्ट शिलर या दोन अर्थतज्ज्ञांनी ही बाजू नीट बसवली, प्रत्येक वर्षाचा नफा आजच्या पैशात आणायचा आणि मग दहा वर्षांची सरासरी काढायची. भाव भागिले ही सरासरी म्हणजे शिलर पीई, किंवा केप. शिलरना २०१३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, गंमत म्हणजे ते वाटून घेणाऱ्यांत युजीन फामाही होते, ज्यांचं म्हणणं साधारण असं की बाजाराचा भाव बरोबरच असतो.

केपचा उपयोग कुठे दिसतो तर २००९ मध्ये. अमेरिकेतल्या मोठ्या ५०० कंपन्यांच्या निर्देशांकाचा नफा तेव्हा इतका कोसळला होता की साधा पीई शंभरच्या वर गेला, म्हणजे कागदावर इतिहासातला महागडा बाजार, आणि प्रत्यक्षात त्या मार्चमध्ये तर तळ होता. केप तेव्हा १३ च्या आसपास होता, म्हणजे बरोबर सांगत होता. पण वेळेच्या बाबतीत याच्यावर अजिबात विसंबू नये. शिलर डिसेंबर १९९६ मध्ये फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेपुढे जाऊन बाजार फार वर गेलाय असं सांगून आले, दोनच दिवसांनी बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी भाषणात बाजाराच्या अविवेकी उत्साहाबद्दल प्रश्न केला, आणि त्यानंतर बाजार तीन वर्षांहून जास्त वरच जात राहिला. केप ४४ पर्यंत पोचला तेव्हा कुठे २००० मध्ये फुगा फुटला.

आता वॉलमार्टचं गणित करून बघू. हे कुणालाही जमेल, कंपनीच्या वार्षिक अहवालात शेअरमागचा नफा असतोच, आणि महागाईचा आकडा सरकारच देतं. वॉलमार्टचं आर्थिक वर्ष जानेवारीत संपतं. जानेवारी १९९१ ला संपलेल्या वर्षात शेअरमागचा नफा होता २८ सेंट (१९९९ पर्यंत एका शेअरचे जास्त शेअर केले, म्हणजे स्प्लिट, ते धरून). अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक १९९० मध्ये १३०.७ होता आणि १९९९ मध्ये १६६.६, म्हणून २८ ला १६६.६ ने गुणून १३०.७ ने भागायचं, येतात ३६ सेंट. पुढच्या वर्षाचे ३५ सेंट होतात ४३. असं करत करत शेवटच्या वर्षाच्या १.२० डॉलरपर्यंत यायचं, तो १९९९ चाच पैसा म्हणून त्याला काही करायचं नाही. दहाही आकड्यांची सरासरी येते ६९ सेंट.

भाव ६९ डॉलर. केप शंभर!

इथे कुणीही हुशार माणूस म्हणेल, अहो पण हा अन्याय आहे, जी कंपनी दहा वर्षांत चौपटीहून वाढली तिला दहा वर्षांपूर्वीच्या नफ्याचं ओझं कशाला, आता ती तेवढी लहान राहिलीच नाही. मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. वाढणाऱ्या कंपनीचा केप नेहमी फुगलेलाच दिसणार, त्यामुळे 'केप २५ च्या वर म्हणजे महाग' असला नियम एकेका शेअरला लावला तर चांगली कंपनी कधी घेताच येणार नाही. माझ्या मते तो आकडा एकटा बघायचाच नाही, साध्या पीईच्या शेजारी ठेवून बघायचा. ५७ आणि १०० यांच्यातला जो फरक आहे तो झालेल्या वाढीमुळे आहे, ते ठीक. पण ५७ हा आकडा स्वतः पुढच्या वाढीवर उभा आहे. म्हणजे होऊन गेलेल्या वाढीचे पैसे मोजायचे आणि न झालेल्या वाढीचेही आत्ताच मोजून टाकायचे. शंभराचा अर्थ मी असा लावतो की या कंपनीने प्रत्यक्ष कमावून दाखवलंय त्याच्या आधारावर भावाचा फारच थोडा भाग उभा आहे, बाकी सगळी आशा.

आणि आशा खोटीही ठरली नाही, हेच तर विशेष. नफा वर्षाला साधारण पावणेबारा टक्क्यांनी बारा वर्षं वाढला, एवढ्या अवाढव्य कंपनीसाठी हे जबरदस्त आहे. पण बारा वर्षांनी साधा पीई झाला १३. नफा ३.७७ पट, पीई ०.२३ पट, गुणाकार केला की ०.८७. हेच ते ६९ चे ६०. त्याच पद्धतीने २०११ चा केप काढला तर सरासरी येते ३.३७ डॉलर आणि केप १८ च्या आसपास. शंभरावरून अठरावर, आणि कंपनीची चूक काहीच नाही.

आता उलटी बाजू, जी मला जास्त धोक्याची वाटते, कारण महाग शेअर न घेतल्याने कुणी बुडत नाही पण स्वस्त समजून घेतलेला शेअर बुडवतो.

बेड बाथ अँड बियाँड नावाची अमेरिकन साखळी होती, १९७१ मध्ये न्यू जर्सीत सुरू झालेली, चादरी, टॉवेल, स्वयंपाकघरातल्या वस्तू, आणि वीस टक्के सवलतीची निळी कूपनं ज्यांच्यासाठी ती प्रसिद्ध होती. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी मुलांची पहिली उशी-पांघरुणं तिथलीच असतील. २०१८ संपताना तिचा शेअर ११ डॉलरच्या आसपास होता. आधीच्या दहा वर्षांची शेअरमागच्या नफ्याची सरासरी, महागाई धरून, चार डॉलरच्या थोडी वरच. म्हणजे केप तीनाच्याही खाली! नुसता फॉर्म्युला लावणाऱ्याला लॉटरीच लागल्यासारखं वाटलं असतं. पण त्याच आर्थिक वर्षात कंपनी तोट्यात गेली, पुढच्या वर्षी तोटा आणखी मोठा, एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज आणि त्याच वर्षी जुने शेअर रद्द. ज्यांच्याकडे होते त्यांना शून्य.

यात एक बारीक गोष्ट आहे ती जरूर बघा. २०१२ मध्ये कंपनीचा एकूण नफा १.०४ अब्ज डॉलर होता, २०१५ मध्ये तो ८४ कोटी डॉलरवर आला, म्हणजे घटला. पण शेअरमागचा नफा त्याच काळात ४.५६ वरून ५.१० झाला, म्हणजे वाढला. हे कसं? कंपनी स्वतःचेच शेअर बाजारातून विकत घेत होती, अब्जावधी डॉलर घालून, त्यामुळे वाटेकरी कमी आणि प्रत्येकाचा वाटा मोठा. वरून सगळं छान दिसत होतं आणि आत गिऱ्हाईक ऑनलाइन निघून चाललं होतं. त्याहून बोलका आकडा म्हणजे २००८ आणि २०१७ या दोन्ही वर्षांत एकूण नफा सारखाच, साडेबेचाळीस कोटी डॉलर, पण शेअरमागे एका वर्षी १.६४ आणि दुसऱ्या वर्षी ३.०४. म्हणून दहा वर्षांची सरासरी काढताना शेअरमागचा नफा आणि कंपनीचा एकूण नफा अशा दोन वेगळ्या ओळी लिहाव्यात, दोन्ही एकाच दिशेला जात नसतील तर तिथे थांबून विचार करावा.

मुळात शिलरनी हे माप पूर्ण बाजारासाठी केलं होतं, एका कंपनीसाठी नाही, आणि यातच सगळं आलं. निर्देशांकातून मेलेल्या कंपन्या काढून टाकतात आणि नवीन घेतात, १९९७ मध्ये डाऊ जोन्स या अमेरिकेतल्या ३० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातून वूलवर्थ हे जुनं दुकान निघालं आणि त्याच फेरबदलात वॉलमार्ट आत आलं. त्यामुळे बाजाराचा नफा खाली गेला तरी कधीतरी सरासरीकडे परत येतो. एकट्या दुकानावर तसं कुठलंही बंधन नाही. गिऱ्हाइकाची सवय बदलली की मागची दहा वर्षं हा फक्त इतिहास उरतो. मंदीमुळे पडलेला नफा आणि सवय बदलल्यामुळे पडलेला नफा यातला फरक केप सांगू शकत नाही, तो तुम्हालाच दुकानात जाऊन, जुन्या दुकानांची विक्री वर्षागणिक वाढते की घटते ते बघून ठरवावा लागतो.

आता आपल्याकडे या. हे सगळं वाचताना डोक्यात डीमार्ट आलंच असेल. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान, मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना शेअरची पहिली विक्री, आणि बरीचशी दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत, त्यामुळे वर म्हटलं ते भाड्याचं ओझं इथे कमी. ऑक्टोबर २०२१ मध्ये शेअर ५,९०० च्या घरात गेला होता, म्हणजे त्याआधीच्या आर्थिक वर्षाच्या नफ्याच्या तीनशेपटीहून जास्त. मार्च २०२५ अखेर भाव चार हजारांच्या आसपास, मधल्या काळात वर्षाचा नफा मात्र अकराशे कोटींवरून सत्तावीसशे कोटींवर गेलेला. ओळखीचं वाटतंय ना? त्या भावाला साधा पीई साधारण ९८, आणि दहा वर्षांचे नफे आपल्या महागाईने वाढवून सरासरी काढली तर केप ढोबळमानाने १६०.

घ्या किंवा विका असं मी म्हणत नाहीये, गणित तेवढं करून बघा. समजा पुढच्या बारा वर्षांत डीमार्टचा नफा वॉलमार्टसारखाच ३.७७ पट झाला आणि तेव्हा बाजाराने बऱ्यापैकी उदार होऊन ४० चा पीई दिला, तर चार हजारांचे होतात सहा हजारांच्या थोडे वर, म्हणजे वर्षाला पावणेचार टक्क्यांच्याही आत. आपल्याकडे महागाई जास्त, दुकानं वाढवायलाही जागा भरपूर, म्हणून नफा सहापट धरू, तर वर्षाला पावणेआठ टक्के पडतात. सहापट व्हायला नफा बारा वर्षं सलग सोळा टक्क्यांनी वाढावा लागतो. मार्च २०२५ ला संपलेल्या दोन वर्षांत तो वर्षाला सहा-सात टक्क्यांनी वाढला.