पत्त्यातच लिहिलेली वाट

१९७१ साली अमेरिकन अभियंता रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या इंटरनेटपूर्व संगणक-जाळ्यावर ईमेल पाठवताना माणसाचे नाव आणि त्याच्या संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह योजले. अर्पानेटवरील कोणताही संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकाशी बोलू शकत असल्याने एवढा पत्ता पुरेसा होता. मात्र या जाळ्यात प्रवेश मुख्यतः अमेरिकेच्या संरक्षण खात्याशी संबंधित संस्थांनाच मिळे, त्यामुळे इतरांनी आपापली जाळी विणली आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची रीत निराळी झाली.

यांपैकी यूयूसीपी (‘युनिक्स-टू-युनिक्स कॉपी’) ही रीत मला सर्वांत विलक्षण वाटते. अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत तयार झालेली ही प्रणाली १९७९ च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर अनेक विद्यापीठांत पोहोचली. तिच्यात कायमची जोडणी नसे. एक संगणक, बहुधा रात्री कॉलचे दर उतरल्यावर, ओळखीच्या संगणकाला फोन लावून साठलेली पत्रे त्याच्या स्वाधीन करी आणि तो ती पुढच्याकडे सोपवी. साहजिकच पत्र कोणाकोणाच्या हातून जावे, हे पाठवणाऱ्यालाच ‘अ!ब!क!माधव’ असे उद्गारचिन्हांनी जोडून लिहावे लागे. हा पत्ता मुक्कामाचा नव्हे, तर वाटेचा होता. म्हणूनच एकाच माधवचा पत्ता दोन गावांहून दोन प्रकारे लिहिला जाई, आणि मधला एक संगणक बंद पडला की पत्रही तिथेच अडकून राही.

खरी पंचाईत दोन रीती एकत्र आल्यावर झाली. ‘अ!ब@क’ हा पत्ता यूयूसीपीचा संगणक डावीकडून वाचून पत्र आधी ‘अ’कडे धाडी, तर अर्पानेटचा संगणक ‘@’च्या उजवीकडे पाहून आधी ‘क’कडे धाडी. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर होते, तरीही पत्र भलतीकडे जाण्याचा धोका होता. हा घोळ टाळण्यासाठी काही जण ‘माधव%ब@क’ असे लिहीत: पत्र आधी ‘क’कडे जाई, तिथे टक्क्याच्या चिन्हाचे ‘@’ होई आणि मग ते ‘ब’कडे निघे. ब्रिटनच्या विद्यापीठांना जोडणाऱ्या जॅनेट या जाळ्यावर तर पत्त्याचे घटक उलट्या क्रमाने, म्हणजे देश आधी आणि विभाग शेवटी, असे लिहीत. बर्कली विद्यापीठातील एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमचे नियम आजही किचकट वाटतात, कारण एका रीतीचा पत्ता दुसऱ्या रीतीत बसवण्याचे काम त्याच्याकडे होते.

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या डोमेन नावांच्या, म्हणजे टिंबांनी जोडलेल्या संस्थांच्या नावांच्या, पद्धतीने आणि १९८६ मध्ये तिला जोडलेल्या ‘एमएक्स’ नोंदींनी नाव आणि वाट यांची फारकत केली. अमुक डोमेनची पत्रे कोणत्या संगणकाकडे सोपवायची, एवढेच ही नोंद सांगते. त्यामुळे इंटरनेटशी थेट न जोडलेल्या संस्थेलाही स्वतःचे डोमेन घेता येऊ लागले: तिची पत्रे नोंदीतला संगणक स्वीकारी आणि उरलेला टप्पा यूयूसीपीच्या फोनवरून पार पडे.

भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याची सुरुवातीची पत्रेही, मुंबईत जुहूच्या एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) सारख्या संस्थांमधून, अशाच फोनवरून ये-जा करीत. १९८९ मध्ये देशाला ‘.इन’ हे स्वतःचे डोमेन मिळाले, तेव्हा त्याची नोंदणीही याच एनसीएसटीकडे आली.