उसाच्या पातीची धार

पंढरपूर-माळशिरसकडे उसाच्या फडात अर्धा तास जरी काढला, तरी हातावर बारीक चिरे उमटतात. पात नुसती घासून गेली तरी कापते. तिच्या कडेला इवलेसे दाते असतात आणि त्यांना कडकपणा येतो तो सिलिकामुळे. वाळू आणि काच ज्याची बनते तोच हा पदार्थ. ऊस मुळांवाटे पाण्यात विरघळलेली सिलिका ओढून घेतो. पाणी पानांतून उडून जातं, सिलिका मागे राहते. ज्वारीचंही तसंच. आजी चुलीतल्या राखेनं भांडी लख्ख घासायची, त्यात या सिलिकेचाही हात होता.

शेतीतल्या कचऱ्यातल्या या सिलिकेपासून सिरॅमिक, म्हणजे चिनी मातीसारखा भट्टीत भाजलेला कठीण पदार्थ, करता येतो. आता 'शेतीतला कचरा' म्हणताना मात्र जरा जपून. सोलापुरात कडब्याला कचरा म्हणालात तर शेतकरी बांधावरून हाकलून देईल! एक टन ऊस गाळला की साधारण २८० किलो ओला बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, निघतो, पण तोही कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळून वाफ आणि वीज देतो. खरी टाकाऊ उरते ती राख. चिमटीत चोळून पाहा, कचकच लागते आणि बोटं काळी होतात. कचकच सिलिकेची, काळेपणा न जळलेल्या कार्बनचा.

गंमत इथेच आहे. सिलिका आणि कार्बन हवेशिवाय १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले, की सिलिकेतला ऑक्सिजन कार्बनबरोबर वायू होऊन निघून जातो आणि सिलिकॉन कार्बाइड उरतं. धार लावायच्या दगडात असतं ते. हिशेबानं ६० ग्रॅम सिलिका आणि ३६ ग्रॅम कार्बनपासून ४० ग्रॅम. वाळू आणि कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन) विजेच्या भट्टीत तापवून हे करायची रीत १८९० च्या दशकापासूनची आहे. पण वनस्पतीत दोन्ही जिन्नस आधीच कणाकणानं शेजारी बसलेले असतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात भाताच्या तुसापासून असं कार्बाइड केलं गेलं. त्यातलं काही केसाहून बारीक तंतूंच्या रूपात निघतं.

हे तंतू ॲल्युमिनात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडात, मिसळले की संमिश्र सिरॅमिक तयार होतं. सिरॅमिक कठीण, पण ठिसूळ; एकदा तडा गेला की आरपार जातो. वाटेत तंतू आडवे आले की तो अडखळतो. धाब्याच्या घराच्या भिंतीसाठी माती तुडवताना भुसा घालतात, त्याचीच ही तापलेली आवृत्ती. अशा सिरॅमिकची पाती निकेलचे चिवट मिश्रधातू कापायला वापरतात.

मात्र आपल्या बॉयलरची राख थेट या कामाला लावायची घाई मी करणार नाही. तिच्यात शेताची माती असते, पोटॅश असतं. आधी आम्लानं धुवावी लागते. जास्त तापलेल्या राखेत स्फटिकी सिलिका होते, तिची धूळ फुप्फुसाला घातक. ट्रॉली भरणाऱ्याच्या तोंडावर चांगला मास्क हवाच. शिवाय १५०० अंशांची भट्टी म्हणजे विजेचं मोठं बिल. त्यापेक्षा ही राख आधी फरशी आणि विटांच्या मातीत घालावी. कार्बाइडमध्ये नडणारं पोटॅश तिथे उलट उपयोगी पडतं, कारण त्याच्यामुळे माती कमी आचेवर वितळू लागते आणि कण एकमेकांना घट्ट धरतात.