मोटारसायकल पायलट (मुंबई पोलीस)

मान्यवरांच्या ताफ्यापुढे, अवयव घेऊन निघालेल्या रुग्णवाहिकेपुढे किंवा मॅरेथॉनच्या आघाडीच्या धावपटूंपुढे मोटारसायकलवरून वाट मोकळी करत जाणारा पोलीस कर्मचारी. पोलिसांच्या बोलीत पुढे चालतो तो ‘पायलट’ आणि बाजूने किंवा मागून साथ देतो तो ‘एस्कॉर्ट’. रस्त्यावरची माणसे दोघांनाही पायलटच म्हणतात. पांढरा शर्ट आणि खाकी पँट हा वाहतूक पोलिसांचा गणवेश, त्यावर हेल्मेट, गुडघ्याखालपर्यंतचे बूट आणि खांद्याला वॉकी-टॉकी, अशा वेशात तो दिसतो. मोठ्या ताफ्यात मोटारसायकलीच्या पुढे वॉर्निंग कार आणि मागे पायलट कार, मुख्य गाडी, एस्कॉर्ट गाड्या व शेवटी टेल कार अशी रांग असते. कुणाच्या ताफ्यात किती गाड्या, किती मोटारसायकली, हे त्या व्यक्तीच्या सुरक्षा श्रेणीवर आणि त्या दिवसाच्या बंदोबस्त आदेशावर ठरते.

चालीचे गणित. हे काम भरधाव जाण्याचे आहे असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. २० किलोमीटरचा टप्पा ताशी ५० किलोमीटरच्या चालीने २४ मिनिटांत, तर ताशी ६० च्या चालीने २० मिनिटांत पार होतो. एवढा धोका पत्करून हाती लागतात ती चार मिनिटे, आणि एका चौकात बेस्टची बस आडवी अडकली तर तीही जातात. म्हणून पायलटची पारख चाल एकसारखी ठेवण्यावर होते. पायलटने अचानक थोडासा ब्रेक दाबला की मागची गाडी जरा उशिरा आणि जरा जास्त दाबते, तिच्यामागची त्याहून जास्त; दहाव्या गाडीपर्यंत त्याचा करकचून ब्रेक झालेला असतो. ताफ्यातल्या गाड्या एकमेकींवर आदळतात त्या अशाने. कसलेला पायलट अडथळा दिसताच आधी थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडतो, ब्रेकचा नुसता स्पर्श करून मागचा दिवा दोनदा लुकलुकवतो आणि मगच वेग उतरवतो.

ताशी ६० च्या चालीत मोटारसायकल दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. मागच्या गाडीशी दोन सेकंदांचे अंतर म्हणजे ३३ मीटर. एवढी मोकळी जागा मुंबईत राहत नाही, मध्ये रिक्षा शिरते. अशा वेळी अंतर कमी करण्याऐवजी वेग कमी करायचा असतो. नव्याची चूक नेमकी उलटी होते: तो अंतर मिटवतो आणि वेग तोच ठेवतो. रुग्णवाहिकेपुढे हे अंतर तीन सेकंदांचे हवे, कारण ती जड असते, थांबायला लांब जाते, आणि पायलट घसरून पडला तर पहिली तीच त्याच्यावर येते.

चौक कसे सुटतात. मोकळ्या हमरस्त्यावर मोटारसायकलस्वार पुढे जाऊन चौक अडवतो, ताफा गेला की मागून सुटतो आणि ताफ्याला ओलांडून पुढचा चौक गाठतो. दाट वस्तीत हे का जमत नाही ते हिशेबाने कळते. १२ गाड्यांचा ताफा, गाडी ५ मीटर आणि मधली जागा १५ मीटर धरली तर रांग साधारण २४० मीटरची होते. ताशी ५० ने ती चौकातून जायला १७ सेकंद लागतात. शेवटच्या गाडीमागून निघालेल्या स्वाराने ताशी ७० चा वेग धरला, तरी ताफ्याच्या तोंडाशी यायला ४३ सेकंद जातात आणि तेवढ्यात तो ८०० मीटरहून अधिक अंतर कापतो. दादर, परळ, गिरगाव या भागांत दोन चौकांमधले अंतर त्याच्या निम्मेही नसते. म्हणून तिथे प्रत्येक चौकात आधीच पॉइंटचा माणूस, म्हणजे नेमलेला पोलीस, उभा केलेला असतो, तो सिग्नल मॅन्युअलवर (हाताने चालवायला) घेतो आणि पायलटने फक्त पुढे चालायचे असते. ओलांडून पुढे जाण्याची पद्धत पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांसारख्या लांब टप्प्यांवरच कामाची.

रस्ता किती वेळ आधी अडवायचा हाही पायलटच्याच भरवशावर ठरतो. तो बिनतारीवर ‘माहीम पास’, ‘सिद्धिविनायक पास’ अशी खूण देत जातो आणि पुढचा चौक त्या हिशेबाने बंद होतो. खूण लवकर दिली तर हजारो लोक उगाच ताटकळतात, उशिरा दिली तर ताफा सिग्नलवर अडतो. थ्रॉटल उजव्या हाताला आणि क्लच डाव्या हाताला असतो. वॉकी-टॉकीचे बटण दाबायला डावा हात सुटतो. त्यामुळे संदेश दोन चौकांमधल्या सरळ पट्ट्यात, गिअर बदलून झाल्यावरच द्यायचा. वळणावर बोलणाऱ्याचा क्लच वेळेवर दबत नाही.

आदल्या दिवशी, शक्यतो त्याच वेळेला, रंगीत तालीम होते. तालमीत घड्याळाबरोबर रस्त्याचा पृष्ठभागही वाचायचा असतो: कुठे मेट्रोच्या कामाचे पत्रे, कुठे उचललेले पेव्हर ब्लॉक, कुठल्या उड्डाणपुलाचा सांधा वर आला आहे. एका रात्रीत खोदकाम होऊ शकते, म्हणून प्रत्यक्ष दिवशी तासभर आधी एक फेरी पुन्हा मारावी लागते.

मोटारसायकल. वर्षानुवर्षे या कामाची ओळख बुलेटशी जोडलेली आहे. १९५५ पासून मद्रासला जुळणी होऊ लागलेल्या या गाडीचे सुमारे ३५० सीसीचे इंजिन कमी फेऱ्यांवर चांगला जोर देते आणि मंद चालीत गाडी सहसा गचके देत नाही. तिचे वजन १८० किलोच्या पुढे. ते सरळ रस्त्यावर बरे वाटते, उभ्या गाडीला ढकलून वळवताना मात्र कंबर धरते. निघण्यापूर्वीची तपासणी ठरलेली: टायरमधली हवा (मॉडेलनुसार पुढे सुमारे २० व मागे सुमारे ३० पीएसआय, हे हवेच्या दाबाचे एकक), साखळीचा ढिलेपणा २५ ते ३० मिलिमीटर, क्लचच्या दांडीला २-३ मिलिमीटरची मोकळीक, दोन्ही ब्रेक, सर्व दिवे, हॉर्न, सायरन आणि भरलेली टाकी.

बिघाड बहुधा तीनच. पहिला क्लच केबलचा. मुंबईच्या गर्दीत क्लच इतका वापरला जातो की केबलचे धागे दांडीच्या टोकाशी एकेक करून तुटतात. म्हणून जाणते स्वार जुन्या केबलला लागूनच नवी केबल बांधून ठेवतात, तुटली की दोन्ही टोके अडकवली की झाले. दुसरा बॅटरीचा. १०० वॉटचा सायरन १२ व्होल्टवर ८ अँपिअरपेक्षा जास्त वीज ओढतो, त्यात लुकलुकणारे दिवे. इंजिन नुसते धडधडत उभे असताना तेवढी वीज तयार होत नाही. ताफ्याची वाट पाहत अर्धा तास दिवे चालू ठेवणाऱ्याचा सायरन ऐन वेळी घसा बसल्यासारखा होतो. थांबलेले असताना दिवे बंद, हा नियम त्यासाठी. तिसरा पंक्चरचा: तारांच्या चाकात ट्यूब असते आणि खिळा लागला की हवा एकदम जाते. असे झाले की डावीकडे हात दाखवून बाजूला व्हायचे. दुसऱ्याने क्षणभरही न थांबता पुढची जागा घ्यायची. मदतीला थांबणे इथे चूक ठरते, कारण त्याच्यामागे अख्खा ताफा थांबतो.

मॅरेथॉनचे काम वेगळ्या अर्थाने कठीण. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून जानेवारीत होते. पुरुषांची आघाडी ताशी २० किलोमीटरच्या आसपास धावते आणि तिच्यापुढे दोन तासांहून अधिक वेळ त्याच चालीने गाडी ठेवायची असते. हवेने थंड होणारे इंजिन या वेगात तापते. क्लच अर्धवट दाबून चालवण्याचा मोह होतो, पण त्याने क्लचच्या प्लेटा जळून घसरू लागतात. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून चालणे हाच उपाय, आणि धूर धावपटूच्या तोंडावर जाणार नाही इतके पुढे राहणे.

पाऊस आणि वारा. सर्वांत धोक्याचा असतो तो जूनमधल्या पहिल्या सरीचा दिवस. आठ महिने डांबरावर साचलेले तेल आणि धूळ वर येते आणि रस्ता साबणासारखा होतो; दोन-तीन मोठ्या सरींनंतर तो धुऊन निघतो. झेब्रा पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, पुलाच्या सांध्यांच्या पट्ट्या आणि पेव्हर ब्लॉक ओले असले की त्यांवर ना ब्रेक, ना झुकणे. गाडी सरळ उभी ठेवून पार करायचे. पाणी साचलेल्या हिंदमाता, मिलन सबवे अशा जागी खड्डा दिसत नाही, म्हणून ताफ्याचा मार्गच बदलणे योग्य. पावसात अंतर दुप्पट, म्हणजे चार सेकंद.

वांद्रे-वरळी सागरी सेतू (२००९), पूर्व मुक्त मार्ग (२०१३), अटल सेतू आणि सागरी किनारा मार्ग (दोन्ही २०२४) यांवर दुचाकींना बंदी आहे. समुद्रावरचा आडवा वारा हे त्यामागचे एक कारण पोलिसांच्या मोटारसायकलीलाही तितकेच लागू पडते. ताफा या मार्गाने जाणार असेल तर पुढचे काम मोटारीकडे द्यावे. मोटारसायकल न्यायचीच झाली, तर खांबांच्या आडोशातून बाहेर पडताना बसणाऱ्या झोताची तयारी हवी: कोपर सैल, गुडघे टाकीला घट्ट, वेग उतरलेला.

ग्रीन कॉरिडॉर. अवयव नेण्यासाठी मोकळ्या केलेल्या मार्गाला हे नाव रूढ आहे. मुंबईत अवयववाटपाचा समन्वय विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती करते. शरीराबाहेर हृदय साधारण ४ तास, यकृत १२ तासांपर्यंत आणि मूत्रपिंड २४ तास किंवा अधिक टिकते. हृदयाच्या ४ तासांत ते नव्या शरीरात शिवण्याचा वेळही धरलेला असतो, त्यामुळे रस्त्याच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून विमानाने आणलेले हृदय मुंबई विमानतळावरून मुलुंडला अशाच मार्गाने नेण्यात आले. या कामाला तालीम नसते, निरोप अनेकदा पहाटे येतो आणि वेळ शस्त्रक्रियागृहातून बदलत राहते. मान्यवरांच्या ताफ्यावर चिडणारे लोक या सायरनला आपणहून बाजूला होतात. पायलटांना हे काम मनापासून आवडते, यात नवल नाही.

कायदा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १९४ई प्रमाणे आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्यास १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मान्यवरांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले. आपत्कालीन सेवांच्या गाड्यांवरचे दिवे राहिले. सायरन लागला म्हणजे पायलटला सर्व माफ असे मात्र नाही: निष्काळजीपणाने कुणी दुखावले तर जबाबदारी त्याच्यावरही येते.

शरीराची झीज. सायरन कानापासून हातभर अंतरावर वाजतो. वर्षानुवर्षे तो ऐकणाऱ्याला उंच स्वर कमी ऐकू येऊ लागतात. हेल्मेटखाली इअरप्लग घालावेत, त्याने सायरनचा कर्कशपणा कमी होतो आणि वॉकी-टॉकीचा आवाज तरीही कळतो. कंबर आणि डावे मनगट ही दुखण्याची दुसरी ठिकाणे. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यापासून ८ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, पण बंदोबस्ताच्या दिवशी पाळी घड्याळावर चालत नाही. ताफा दुपारी असला तरी हजेरी सकाळी लागते. मधले तास उन्हात, जेवण आणि स्वच्छतागृह यांची सोय नसलेल्या नाक्यावर जातात. महिला कर्मचाऱ्यांना याचा त्रास दुप्पट होतो आणि अनेकजणी त्यासाठी पाणीच कमी पितात. मार्गावर प्रत्येक थांब्याजवळचे स्वच्छतागृह बंदोबस्त आदेशातच लिहिले, तर हे सहज टळेल.

ताफा पोचल्यावर गाडी लगेच बंद करू नये, तापलेले इंजिन मिनिटभर नुसते चालू द्यावे. मग किलोमीटर, पेट्रोल आणि आढळलेला प्रत्येक दोष वाहनाच्या लॉगबुकात लिहायचा; पावसात भिजलेल्या साखळीला त्याच रात्री तेल द्यायचे, कारण खाऱ्या हवेत ती सकाळपर्यंत गंजू लागते.