पाठीवर वस्ती वागवणारा खेकडा

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात खेकडे घेताना पुणेकर पाहतात ते त्यांचं वजन आणि नांग्या. कॅम्पोशिया या प्रजातीतला खेकडा तिथे कधी येणार नाही. कवच जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचं, पाय काटकुळे, मांस नावापुरतं. पण बुद्धी गुंग करावी असं एक काम त्याला येतं.

तांबड्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण, उथळ पाण्यात, पोवळ्यांच्या आसपास कॅम्पोशिया रेटुसा राहतो. कोळी-खेकड्यांपैकी, म्हणजे कोळी या किड्यासारखे लांब पाय असलेल्या खेकड्यांपैकी, हा एक. स्पंज (खडकाला चिकटून राहणारे साधे समुद्री प्राणी), शेवाळ, हायड्रॉइड (झुडपासारखे दिसणारे बारीक समुद्री प्राणी) असं जे हाती लागेल ते नांगीने कापायचं, तोंडाशी नेऊन त्याची कड चावून खरबरीत करायची आणि अंगावर घासत बसवायचं, हा त्याचा उद्योग. यात गोंद कुठेच नाही. कवचावर आणि पायांवर आकड्यासारखे वळलेले बारीक केस असतात, त्यात तुकडा अडकतो, चपलेच्या व्हेल्क्रोसारखा. लावलेला स्पंज पुढे पाठीवरच जिवंत राहतो, वाढतोही. खेकडा थांबला की खडकावरचा झुपका आणि तो यांत फरक करणं अवघड.

प्रयोगशाळेत या खेकड्यांना शोभेचे छोटे गोंडे दिले, तर तेही त्यांनी अंगावर चढवले. लपायला जागा आहे की नाही, याचा या सजावटीवर परिणाम होतो असंही दिसलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण एवढासा जीव परिस्थिती पाहून वागतो.

शिवाय प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा त्याचा नातेवाईक लिबिनिया डुबिया लहानपणी डिक्टिओटा नावाचं शेवाळ निवडून अंगावर लावतो. त्यातल्या रसायनांमुळे मासे ते खात नाहीत, आणि खेकड्यालाही सोडून देतात. मोठा झाल्यावर तो सजणं जवळपास थांबवतो.

वाढत्या वयात कात टाकावी लागते, तेव्हा सगळा संसार जुन्या कवचाबरोबर जातो. असे खेकडे मग टाकलेल्या कवचावरचे तुकडे काढून नव्यावर बसवतात.

पुण्यात खाऱ्या पाण्याची टाकी पाळणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की हा खेकडा टाकीत सोडला तर तुमचे स्पंज आणि मऊ पोवळीसुद्धा त्याच्या दृष्टीने कापून न्यायचा मालच आहेत.