लोणारच्या पाण्यात खरंच काहीच जगत नाही का?

एक मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, की लोणार सरोवर उल्केने झालंय, पाणी विषारी आहे आणि त्यात एकही जीव जगत नाही.

उल्केचं बरोबर आहे. बेसॉल्ट खडकात झालेलं हे विवर जवळपास 1.8 किलोमीटर रुंद आहे. पण पाण्याचं म्हणाल तर ते नुसतं खारट नाही, त्यात सोडा आहे म्हणून ते अल्कधर्मी आहे, त्याचा पीएच (आम्ल की अल्क ते मोजायचं माप, शुद्ध पाण्याचा 7) बरीच वर्षं 10 च्या आसपास मोजला गेलाय. पाणी आत येतं पण बाहेर जायला वाटच नाही, उन्हाने वाफ होते आणि क्षार मागे राहतात. आपल्या ओळखीचे मासे एवढ्या सोड्यात टिकत नाहीत, आणि मासा दिसला नाही की आपल्याला वाटतं सगळं मेलेलंच आहे, हे अगदी साहजिक आहे.

पण पाण्याचा हिरवा रंग कशाचा? तोच तर जीव! स्पिरुलिनासारखे सूक्ष्म जीव तिथे इतके वाढतात की पाणी हिरवं दिसतं, आणि सोबत असे बॅक्टेरिया असतात ज्यांना हा सोडाच मानवतो. तो कुजका वाससुद्धा बराचसा तळातल्या चिखलातल्या बॅक्टेरियांमुळेच येतो.

स्वतः बघायचं असेल तर हळद लावून वाळवलेला कागद न्या, काठावर एक थेंब लावा, लाल होईल, म्हणजे सोडा आहे. मग थोडं शांत उभं राहून कडेचा चिखल बघा, लांब गुलाबी पायांचे शेकाटे तिथे चोच मारत फिरत असतात. खायला काही नसतं तर ते आले असते का?